शंकर बाळकृष्ण दीक्षित

शंकर बाळकृष्ण दीक्षित (इ.स. १८५३ – इ.स. १८९८) हे मराठी ज्योतिर्गणिती, भारतीय ज्योतिषाचे इतिहासकार आणि व्यवसायाने शाळाशिक्षक होते. त्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड (तालुका दापोली) येथे झाला. भारतीय ज्योतिषशास्त्र अथवा भारतीय ज्योतिषाचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास (१८९६) हा त्यांचा ग्रंथ या विषयावरील मूलभूत ग्रंथांत गणला जातो. येथे ज्योतिष या शब्दाचा अर्थ प्रामुख्याने खगोलगणित असा घ्यावयाचा आहे. भविष्यकथन हा त्या ग्रंथाचा एक लहान भाग आहे. गुप्तकालीन ताम्रपटांतील गुरू ग्रहाच्या संवत्सरांची उकल करून गुप्त संवताचा आरंभ निश्चित करण्याच्या कामी त्यांनी केलेले गणित हे त्यांचे दुसरे मोठे कार्य होय. हे काम त्या काळी इतिहाससंशोधकांच्या वर्तुळात गाजले; आज मराठी वाचकांना ते फारसे परिचित नाही.

जन्म आणि शिक्षण

मुरूड हे दापोलीजवळचे समुद्रकाठचे गाव. रायगड जिल्ह्यातील मुरूड-जंजिऱ्याशी त्याचा पुष्कळदा घोटाळा केला जातो, परंतु ही दोन गावे वेगळी आहेत. दीक्षितांहून पाच वर्षांनी लहान असलेले धोंडो केशव कर्वे यांचे बालपणही याच मुरुडात गेले. बाळ गंगाधर टिळकांचे मूळ गाव चिखलगाव हेही दापोली तालुक्यातीलच. वेदकालाच्या निर्णयासाठी नक्षत्रांचा आधार घेणारे दोन समकालीन अभ्यासक एकाच तालुक्याशी निगडित असावेत, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे.

दीक्षितांचे प्राथमिक शिक्षण गावच्या शाळेत झाले. पुढे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी शिक्षकाचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि १८७४ मध्ये ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यांचे औपचारिक शिक्षण येथेच थांबले. महाविद्यालयाची पदवी त्यांनी घेतली नाही आणि कोणत्याही वेधशाळेत ते नोकरीस नव्हते. संस्कृत ज्योतिषग्रंथांचे अध्ययन, इंग्रजी ग्रंथांचा परिचय आणि दीर्घ गणिते करण्याची हातोटी या तिन्ही गोष्टी त्यांनी नोकरी सांभाळून स्वतःच्या बळावर मिळविल्या.

शिक्षकी पेशा

मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात दीक्षितांनी रेवदंडा, ठाणे, बार्शी आणि धुळे येथे काम केले. १८९४ मध्ये ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षक म्हणून आले. ज्या संस्थेत ते स्वतः शिकले, तेथेच ते आता प्राथमिक शिक्षक घडवू लागले.

बदलीच्या या गावांपैकी रेवदंड्याचा उल्लेख विशेष करावा लागतो. त्याच किनाऱ्यावर दक्षिणेस असलेले नांदगाव हे ग्रहलाघव या ग्रंथाचे कर्ते गणेश दैवज्ञ यांचे गाव. शके १४४२ मध्ये रचलेल्या या ग्रंथात त्रिकोणमितीच्या ज्या टाळून आणि अकरा वर्षांचे चक्र कल्पून ग्रहगणित सोपे केले आहे. महाराष्ट्रातील जोशी मंडळी साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ त्याच आधारे पंचांगे करीत होती. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय कोष्टकांच्या आधारे ग्रहसाधनाची कोष्टके (१८६०) हे पुस्तक मराठीत आणले. जुन्या पद्धतीचे गणित आणि नव्या पद्धतीची कोष्टके ही दोन्ही साधने मराठीतून हाताशी असणारी दीक्षितांची पिढी या दृष्टीने भाग्यवान म्हटली पाहिजे. पुढील संशोधनात दीक्षितांनी या दोहोंचा उपयोग केला.

गुप्त संवताचा वाद

गुप्त राजांच्या लेखांत वर्षांचे आकडे आहेत. मात्र ते आकडे कोणत्या वर्षापासून मोजावयाचे, याविषयी एकोणिसाव्या शतकात तीव्र मतभेद होता. एडवर्ड टॉमस यांनी गुप्त संवत शक संवताशीच जोडला, म्हणजे त्याचा आरंभ इ.स. ७८ च्या सुमारास नेला. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी इ.स. १६६ चा, तर एडवर्ड क्लाइव्ह बेली यांनी इ.स. १९० च्या सुमाराचा पक्ष मांडला. अल्बेरूनीने हा संवत शक संवतानंतर २४१ वर्षांनी सुरू झाल्याचे नोंदविले होते. त्यानुसार आरंभ इ.स. ३१९ च्या आसपास येतो. या मतांत जवळजवळ अडीचशे वर्षांचे अंतर होते. समुद्रगुप्त, कालिदासाचा संभाव्य काळ, हूणांची आक्रमणे, अजिंठ्याची लेणी या सर्वांचा कालक्रम त्या एका आकड्यावर अवलंबून होता.

प्राचीन लेखांचे अभ्यासक जॉन फेथफुल फ्लीट यांना मंदसोर येथील शिलालेख मिळाला, तेव्हा वादाला वळण लागले. त्या लेखात कुमारगुप्ताचा मांडलिक बंधुवर्मा याच्यासाठी मालव संवताचे ४९३ वे वर्ष, म्हणजे इ.स. ४३६ च्या सुमाराचा काळ दिला आहे. त्यामुळे गुप्त संवत इ.स. ३१९ च्या जवळपासच सुरू झाला असला पाहिजे, हे उघड झाले. तरी नेमके वर्ष कोणते, हे सांगण्यास हा पुरावा अपुरा होता. त्यासाठी तिथी, वार आणि ग्रहस्थिती यांचे गणित करणारा माणूस हवा होता. फ्लीट यांच्यासाठी हे गणित शिक्षणखात्यातील दीक्षितांनी केले.

एरण (सध्या मध्य प्रदेशातील सागर जिल्हा) येथील बुधगुप्ताच्या स्तंभावर गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि देवगुरूचा दिवस, म्हणजे गुरुवार, असा स्पष्ट उल्लेख आहे. गुप्त वर्षात ३१९ मिळविल्यास इ.स. ४८४ येते, आणि त्या वर्षीची आषाढ शुद्ध द्वादशी २१ जून रोजी, गुरुवारीच पडते. आजही कोणी विद्यार्थी जूलियन दिनदर्शिकेचे वार काढण्याचे सूत्र वापरून हा वार पडताळून पाहू शकेल.

गुरूचे बारा वर्षांचे चक्र

वार जुळणे ही एक खूण झाली. पण सात वर्षांमागे एखादे वर्ष योगायोगानेही जुळते. परिव्राजक घराण्यातील महाराज हस्तिन् आणि महाराज संक्षोभ यांच्या ताम्रपटांत याहून सूक्ष्म पुरावा होता. या ताम्रपटांत गुप्त वर्षासोबत एका संवत्सराचेही नाव दिलेले आहे : वर्ष १५६ मध्ये महावैशाख, वर्ष १९१ मध्ये महाचैत्र, वर्ष २०९ मध्ये महाआश्वयुज. ही नावे गुरू ग्रहाच्या बारा वर्षांच्या चक्रातील आहेत, हे संशोधकांना माहीत होते. वरवर पाहता हिशेबही जुळतो. १५६ पासून १९१ पर्यंत ३५ वर्षे होतात, म्हणजे तीन पूर्ण चक्रांना एक वर्ष कमी. म्हणून नाव वैशाखावरून एक घर मागे, चैत्रावर येते. १९१ पासून २०९ पर्यंत १८ वर्षे होतात, म्हणजे दीड चक्र. म्हणून चैत्राच्या समोरचा आश्विन येतो. परंतु यावरून संवताचा आरंभ ठरत नाही, कारण हीच साखळी काही वर्षे मागे किंवा पुढे सरकविली तरी आपापसातले अंतर तेच राहते. संवत्सराचे नाव कोणत्या क्षणी आणि कोणत्या नियमाने बदलते, हे समजल्याशिवाय ती साखळी आकाशात बसविता येत नव्हती.

तोपर्यंत बहुतेक अभ्यासक गुरूच्या मध्यम राशीवरून संवत्सर काढीत. गुरू मध्यम गतीने एक राशी सुमारे ३६१ दिवसांत ओलांडतो. तोच काळ एक संवत्सर मानावयाचा, अशी ही पद्धत. प्रभव, विभव इत्यादी साठ संवत्सरांचे मूळही याच गणितात आहे. महाराष्ट्रातील पंचांगांत मात्र ती नावे आता केवळ क्रमाने येतात. गुरूच्या स्थितीशी त्यांचा संबंध राहिलेला नाही.

दीक्षितांनी वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील गुरूच्या गतीविषयीचे प्रकरण आणि त्यावरील उत्पलाची टीका यांकडे लक्ष वेधले. तेथील नियम वेगळा आहे. सूर्याच्या तेजात लोपलेला गुरू पहाटे पूर्वेस पुन्हा दिसू लागतो, तेव्हा तो ज्या नक्षत्रात असेल त्यावरून संवत्सराला नाव मिळते. पौर्णिमेच्या नक्षत्रावरून महिन्याला नाव मिळते, तसेच. म्हणजे संवत्सराचा आरंभ राशिप्रवेशाने होत नसून गुरूच्या उदयाने होतो. प्रत्येक नावाला साधारणपणे दोन नक्षत्रे दिलेली आहेत. फाल्गुन, भाद्रपद आणि आश्वयुज या तिघांच्या वाट्याला मात्र तीन-तीन येतात, आणि अशी सत्तावीस नक्षत्रे पूर्ण होतात.

गुरूचा उदयास्त ही मराठी घरांना अपरिचित गोष्ट नव्हे. गुरूचा अस्त असताना लग्नमुंजी करीत नाहीत, त्यामुळे प्रत्येक पंचांगात या तारखा दिलेल्या असतात. सूर्यसिद्धान्ताप्रमाणे गुरू आणि सूर्य यांच्यात ११ कालांशांचे अंतर पडले की गुरू दिसू लागतो, म्हणजे तो सूर्योदयापूर्वी सुमारे ४४ मिनिटे उगवत असला पाहिजे. एका उदयापासून पुढच्या उदयापर्यंत सरासरी ३९९ दिवस लागतात. बारा सौर वर्षांचे ४,३८३ दिवस होतात आणि गुरूच्या अकरा उदयांना जवळपास तितकेच दिवस लागतात. म्हणून या पद्धतीत बारा वर्षांत अकराच संवत्सरे येतात आणि एका नावाचा लोप होतो. मध्यम राशीच्या पद्धतीत असा लोप सुमारे ८५ वर्षांतून एकदाच होतो. दोन पद्धतींतील हा फरकच निर्णायक ठरला. संवत्सराचे नाव आता केवळ वर्षाची खूण न राहता एका विशिष्ट पहाटेची खूण झाले, आणि पहाट गणिताने शोधता येते.

यात आणखी एक अडचण होती. नक्षत्रांचे विभाग सर्वत्र समान धरले जात नसत. रूढ पद्धतीत प्रत्येक नक्षत्र १३ अंश २० कलांचे असते; गर्ग आणि ब्रह्मसिद्धान्त यांच्या परंपरेत काही नक्षत्रे दीडपट तर काही निम्मी मानलेली आहेत. समान विभागांत विशाखा नक्षत्राचा आरंभ २०० अंशांवर होतो. गर्गाच्या असमान विभागांत स्वाती अर्धे असल्यामुळे तोच आरंभ १९३ अंश २० कलांवर येतो. इ.स. ४७५ च्या शरद ऋतूत गुरू सूर्यतेजातून बाहेर पडला, तो नेमका या दोन सीमांच्या मधल्या पट्ट्यात. असमान विभाग घेतले तरच त्याचा उदय विशाखात पडतो आणि गुप्त वर्ष १५६ चे महावैशाख हे नाव सार्थ होते. वर्षांचा आकडा बरोबर असूनही विभागांची पद्धत चुकीची घेतली असती, तर हा पुरावा उलटा पडला असता.

अशा रीतीने गुप्त संवताचा आरंभ इ.स. ३१९–३२० हा स्वीकारला गेला. गुप्त राजांच्या लेखांचा फ्लीट यांनी संपादित केलेला खंड, म्हणजे कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकॅरमचा तिसरा भाग, १८८८ मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध झाला. गुरूच्या बारा वर्षांच्या चक्रावरील दीक्षितांचा निबंध त्यात परिशिष्टरूपाने समाविष्ट आहे. इंडियन अँटिक्वरी या नियतकालिकातही त्यांचे लेखन प्रसिद्ध होत असे. आज शालेय पाठ्यपुस्तकांत चंद्रगुप्त पहिला याच्या नावापुढे इ.स. ३१९ हे वर्ष निःशंकपणे छापले जाते. त्यामागे ताम्रपटातील एक शब्द आणि गुरूची एक पहाट आहे, हे मात्र तेथे सांगितलेले नसते.

भारतीय ज्योतिषशास्त्र

पुण्याच्या दक्षिणा प्राइझ कमिटीने १८८० च्या दशकात आपल्या ज्योतिषशास्त्राच्या इतिहासावर मराठी ग्रंथ मागविला. त्यास अनुसरून दीक्षितांनी हा ग्रंथ लिहिला आणि कमिटीचे पारितोषिक मिळविले. विस्तारित स्वरूपात तो १८९६ मध्ये पुण्यात छापला गेला. पहिल्या भागात वैदिक आणि वेदांग काळाचा विचार आहे. दुसऱ्या भागात सिद्धान्तकाळापासून ग्रंथकर्त्याच्या समकालीनांपर्यंतचा आढावा आहे. गणित, संहिता आणि जातक या तीन स्कंधांनुसार शेकडो ग्रंथ व ग्रंथकार यांचा परामर्श त्यात घेतलेला आहे. त्यांतील अनेकांचा काळ दीक्षितांनी त्यांच्याच ग्रंथांतील अंतर्गत गणितावरून ठरविला.

शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत आणि इतर नक्षत्रे ढळतात, अशा अर्थाचे विधान आहे. कृत्तिका तेव्हा विषुववृत्तावर असल्या पाहिजेत, असा अर्थ घेऊन दीक्षितांनी ते निरीक्षण इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षांचे ठरविले. या निष्कर्षाची चर्चा आजतागायत चालू आहे. ढळत नाहीत याचा अर्थ इतका काटेकोर घ्यावा काय, अशी शंका पुढे अनेक पाश्चात्त्य अभ्यासकांनी घेतली, आणि ती अनाठायी म्हणता येत नाही. निरीक्षण जुने असले तरी ते नोंदविणारा ग्रंथ तितकाच जुना असतो असे नाही, हा आक्षेपही वजनदार आहे.

गुरू ग्रह या ग्रंथातही पुन्हा भेटतो. तैत्तिरीय ब्राह्मणात बृहस्पती प्रथम तिष्य, म्हणजे पुष्य, नक्षत्राजवळ उत्पन्न झाल्याचा उल्लेख आहे. दीक्षितांनी तो ग्रह ओळखला गेल्याची आठवण म्हणून वाचला. पुष्याचा तारा क्रांतिवृत्ताच्या अगदी जवळ आहे आणि गुरूची कक्षा क्रांतिवृत्ताशी जेमतेम सव्वा अंश कललेली आहे. त्यामुळे गुरू त्या ताऱ्याच्या फार निकट येऊ शकतो. ताऱ्याजवळ आलेले तेजस्वी बिंब काही दिवसांत बाजूला सरकलेले दिसले, की ते स्थिर ताऱ्यांहून वेगळे आहे हे कोणाच्याही ध्यानी यावे. हा तर्कच आहे. पण आकाश पाहणाऱ्या माणसाचा तर्क आहे.

पंचांगवाद

विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह दीक्षित सायन पंचांगाचे पुरस्कर्ते होते. संपातचलनामुळे निरयन गणनेतील संक्रांती ऋतूंपासून सुमारे ७२ वर्षांत एक दिवस सरकतात. प्रत्यक्ष उत्तरायणारंभ डिसेंबरच्या २१–२२ तारखेस होत असताना मकरसंक्रांत जानेवारीत येते, ती याच कारणाने. सण ऋतूंना धरून राहावयाचे असतील तर सायन मानाचा स्वीकार केला पाहिजे, हा या पक्षाचा मुद्दा होता. त्यांनी सायन पंचांग प्रसिद्धही केले. परंतु लोकव्यवहारात ते रुजले नाही. दीक्षितांच्या सर्व प्रयत्नांत हाच सर्वांत कमी यशस्वी ठरला.

त्यांचे समकालीन व्यंकटेश बापूजी केतकर यांनी पुढे १९११ मध्ये नेपच्यूनपलीकडच्या ग्रहांविषयी गणिताने भाकीत केले. दीक्षितांचा कल नव्या ग्रहाच्या शोधाकडे नव्हता. पूर्वजांनी पाहिलेला ग्रह त्यांनी कसा पाहिला व कसा मोजला, याचा छडा लावण्याकडे होता.

विद्यार्थ्यांसाठी व सामान्य वाचकांसाठी लेखन

विद्यार्थिबुद्धिवर्धिनी (१८७६), सृष्टिचमत्कार (१८८२) आणि ज्योतिर्विलास (१८९२) ही दीक्षितांची पुस्तके शाळेतील मुले आणि सामान्य वाचक यांच्यासाठी आहेत. धर्ममीमांसा (१८९५) हे पुस्तक वेगळ्या विषयावरचे आहे. ज्योतिर्विलासला त्यांनी रात्रीची दोन घटका मौज असे जोडनाव दिले. दोन घटका म्हणजे ४८ मिनिटे. जेवण उरकल्यानंतर अंगणात बसून आकाशाकडे पाहण्यास सर्वसाधारण कुटुंबाला एवढाच वेळ मिळतो, हे शिक्षकाला ठाऊक असावे. ग्रहतारे, त्यांची अंतरे आणि गती यांची ओळख साध्या मराठीत करून देणाऱ्या आरंभीच्या पुस्तकांत याची गणना होते.

रॉबर्ट सेवेल यांच्यासह लिहिलेला दि इंडियन कॅलेंडर हा इंग्रजी ग्रंथ १८९६ मध्ये लंडनहून निघाला. इ.स. ३०० ते १९०० या काळातील हिंदू आणि मुसलमानी तिथ्यांचे इसवी सनात रूपांतर करण्याची कोष्टके त्यात आहेत. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर दीक्षितांच्या नावापुढे पदवी नाही. पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज एवढाच पत्ता आहे. शिलालेखांच्या अभ्यासकांनी ही कोष्टके पुढे अनेक दशके वापरली.

मृत्यू आणि नंतर

भारतीय ज्योतिषशास्त्र आणि दि इंडियन कॅलेंडर हे दोन्ही ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर दोनच वर्षांनी, १८९८ मध्ये, पुणे येथे दीक्षितांचे निधन झाले. त्यांच्या वयाची पंचेचाळीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

मराठीत लिहिल्यामुळे त्यांचा मुख्य ग्रंथ महाराष्ट्राबाहेर बराच काळ दुर्लभ राहिला. भारतीय ज्योतिषाचा इतिहास अभ्यासू इच्छिणारे काही अमराठी विद्वान त्यासाठी मराठी वाचावयास शिकले, असे सांगितले जाते. शिवनाथ झारखंडी यांनी केलेला हिंदी अनुवाद १९५७ मध्ये लखनौहून प्रसिद्ध झाला. र. वि. वैद्य यांचा इंग्रजी अनुवाद भारत सरकारने दोन भागांत काढला. पहिला भाग १९६९ मध्ये आणि दुसरा १९८१ मध्ये प्रकाशित झाला.